देवळाआधीची राई

॥ श्री वाघजाई प्रसन्न ॥

ग्रामदेवता श्री वाघजाईच्या मंदिराचा जीर्णोद्धार तडीस जाऊन कलशारोहणाचा मंगल दिवस जवळ आला आहे. ह्या शुभप्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेसाठी गावचा व देवस्थानाचा इतिहास लिहून द्यावा, अशी आज्ञा स्मरणिका समितीने मला केली. गावच्या शाळेत माझी हयात गेली, म्हणून हे काम मजकडे आले; एरवी मी काही इतिहासकार नव्हे. लिहावयास बसलो तेव्हा कागदपत्रे फारशी हाती लागली नाहीत. जी होती ती कसरीने खाल्ली, उरलेला इतिहास वडीलधाऱ्यांच्या तोंडी. परंतु एक दप्तर मात्र देवळामागे आजही उभे आहे. त्याला कसर लागली नाही, ते पावसात भिजले तरी खराब झाले नाही. ते दप्तर म्हणजे देवीची राई. म्हणून ह्या लेखात देवळाच्या भिंतींचा इतिहास थोडा आणि राईचा अधिक आला आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

राई आधी, देऊळ नंतर

आपल्या गुरवांच्या घरातील जुनी माणसे सांगत असत, की देवीला पूर्वी छप्पर नव्हते. एका मोठ्या वृक्षाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला तांदळा, समोर दगडी दिवा, आणि वर पानांचा मांडव, एवढेच देवीचे घर. पुढे कोणा भाविकाने गवताचे छप्पर घातले, त्यानंतर लाकडी खांबांचे व नळीच्या कौलांचे देऊळ झाले, मग मंगळुरी कौले आली, आणि आता आपण स्लॅब टाकून शिखर बांधले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अशी अनेक ठाणी आजही आहेत, की जिथे देवीला छप्पर चालत नाही, ती उघड्यावर झाडांतच राहते, अशी लोकांची श्रद्धा आहे. वाघजाई, काळकाई, जाखमाता, झोलाई ही आपल्या ग्रामदेवतांची नावे पाहिली, तरी ह्या देवता मूळच्या रानातल्या हे ध्यानात येते. आपल्या देवीच्या तर नावातच वाघ आहे.

प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पुणे परिसरातील मातृदेवतांच्या ठाण्यांचा मागोवा घेतला. ही ठाणी पुष्कळदा जुन्या पायवाटांच्या मिलनस्थळी आढळतात आणि ती नांगराच्या शेतीहूनही जुन्या काळाकडे बोट दाखवितात, असे त्यांनी मांडले. म्हणजे देऊळ बांधून मग शोभेसाठी भोवती झाडे लावली, असे झालेले नाही. माणसाने रान तोडून शेते केली, तेव्हा रानाचा एक तुकडा देवीच्या नावाने तसाच राखून ठेवला, आणि त्या तुकड्यात कालांतराने देऊळ उभे राहिले. आपल्याकडे जिला राई म्हणतात, तिला कोठे देवराई, कोठे देवरहाटी, तर कोठे देवाचे बन म्हणतात. नावे निरनिराळी, नियम मात्र सगळीकडे सारखा. राईत कुऱ्हाड न्यावयाची नाही. वाळके फाटे पडले तरी ते घरच्या चुलीत घालावयाचे नाही.

ह्या नियमाला एकच अपवाद असे. देवळाच्या दुरुस्तीला तुळई किंवा खांब लागला, तर देवीला कौल लावून तिच्या परवानगीने एखादे झाड घेता येई. ह्या अपवादाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे तो पुन्हा येणार आहे.

राजवटी बदलल्या

झाड हे रयतेचे धन आहे, ही जाण आपल्या राज्यकर्त्यांनाही होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. सागवान वगैरे लाकूड हवे तर हुजुरांची परवानगी घेऊन तोडावे. आंबा, फणस ह्या झाडांना मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी पुष्कळ काळ जतन केलेली असतात, अशा आशयाचा तो उपदेश आहे. आरमाराची गरज मोठी असतानाही त्या लेखणीने झाडाला किती वर्षे लागली ह्याचा हिशेब केला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

इंग्रजी अमलात हिशेब बदलला. गोदीसाठी, पुढे रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि मुंबईच्या चुलींना लागणाऱ्या कोळशासाठी सह्याद्रीची जंगले तुटू लागली. १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन ह्यांची नेमणूक झाली. पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे ते प्रमुख होते. दक्षिण कोकणात डोंगर उघडे पडले तेथे झरे आटू लागले, हे त्यांनी त्याच दशकात सरकारच्या कानी घातले होते. आज आपण ज्याला पर्यावरणाचा प्रश्न म्हणतो, तो आपल्या ह्याच मातीत पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याला दिसला होता. आपल्या पूर्वजांना तर तो त्याही आधी ठाऊक असावा. एरवी झऱ्याच्या उगमाशीच देवी का बसविली असती?

१८७८ च्या वनकायद्याने पुष्कळ रान सरकारी झाले. कोठे राया वनखात्याकडे गेल्या, कोठे महसूल खात्याकडे, कोठे खाजगी सातबाऱ्यावर चढल्या. कागदावरचा मालक बदलला तरी बहुतेक ठिकाणी राखणदार मात्र गावच राहिला, आणि म्हणूनच भोवतालचे डोंगर बोडके होत असता मध्येच एखादा हिरवा ठिपका शिल्लक उरला.

गाणी गावची काळकाई

ह्या हिरव्या ठिपक्यांची शास्त्रीय दृष्टीने नोंद घेण्याचे मोठे काम १९७० नंतर पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांनी केले. एक वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि दुसरे डॉ. माधव गाडगीळ. गावोगाव पायी हिंडून त्यांनी देवरायांची पाहणी केली. राईतली झाडे, वेली, देवतांची नावे, गावाचे नियम हे सारे टिपून घेतले. त्यांचे निबंध १९७५ व १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्रातील देवरायांची यादी १९८१ साली आली. ही राखीव बने तशीच राखावीत, अशी कळकळीची विनंती त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच होती.

ह्या भटकंतीच्या काळातील श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. तो जिल्हा तेव्हा कुलाबा होता. १९८१ पासून त्याचे नाव रायगड झाले. गाणी गावाभोवतीचे डोंगर उघडे झाले होते आणि काळकाईची सुमारे दहा हेक्टरांची राई तेवढी उरली होती. ती राई तोडीसाठी नेमली गेली. गावकऱ्यांना कळले, की पुण्याहून कोणी शास्त्रज्ञ देवरायांचा अभ्यास करीत आहेत. त्यांनी आपण होऊन त्यांच्याकडे साकडे घातले. शास्त्रज्ञ गावात आले, तेव्हा गावकऱ्यांनी भूतबाधेची किंवा देवीच्या कोपाची भीती फारशी सांगितली नाही. त्यांनी सांगितले ते पाण्याचे. राई आहे म्हणून आमचा ओहोळ वाहतो, राई गेली तर आमचे पाणी गेले, असा त्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. शास्त्रज्ञांनी ही गोष्ट वनखात्यापुढे मांडली आणि राई वाचली.

आपल्याला वाटते, की रान राखणे हे शिकलेल्या माणसाने खेड्यातल्या माणसाला शिकवावयाचे. गाणीच्या गावकऱ्यांनी ते उलट करून दाखविले. ज्ञान त्यांच्याकडे होते. कमी होती ती सरकारदरबारी पोचणाऱ्या आवाजाची, आणि तो आवाज त्यांनी शोधून काढला.

देवाने राखलेली बिऱ्हाडे

राई म्हणजे केवळ झाडे नव्हेत. ती कित्येकांची बिऱ्हाडे आहेत, आणि त्यांतील काही बिऱ्हाडे जगात अन्यत्र फारशी उरलेली नाहीत. ह्याची दोन उदाहरणे आपल्या कोकणातच आहेत.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे नावाचे गाव आहे. तेथे गावाने देवाची म्हणून राखलेल्या राईत बारमाही पाण्याची दलदल आहे आणि त्या दलदलीत रानटी जायफळाच्या कुळातील झाडे उभी आहेत. चिखलात मुळांचा श्वास कोंडतो, म्हणून ह्या झाडांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीवर येतात. अशी दलदल फार प्राचीन काळच्या रानांचा अवशेष मानली जाते. ती भारतात दक्षिणेकडे केरळ-कर्नाटकात आणि गोव्यात थोडीफार उरली आहे. महाराष्ट्रात ती असल्याचे अलीकडेच उजेडात आले. १९२१ साली कोणी ती भात लावण्यासाठी उपसली असती, तर २०२१ साली सरकारला तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करता आले नसते. क्षेत्र किती? अवघे अडीच हेक्टरांच्या आसपास.

दुसरे उदाहरण आंबोलीचे. सावंतवाडी तालुक्यातील आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. गुहेतून पाणी येते, पुढे कुंड आहे, शेजारी महादेवाचे स्थान आहे. त्या कुंडातल्या पाण्यात बोटभरही लांब नसलेला एक मासा राहतो. पिढ्यान् पिढ्या भाविकांनी तो पाहिला असेल. २०२० साली अभ्यासकांनी तो तपासला, तेव्हा शास्त्राला अज्ञात अशी ती नवी जात निघाली, आणि तिचे नाव नदीवरून हिरण्यकेशी असेच ठेवले गेले. २०२१ साली तेही स्थळ वारसा म्हणून घोषित झाले. विचार करा, कोणी सद्भावनेने ते कुंड साफ करावयास घेऊन त्यात औषध ओतले असते किंवा तळाला फरशी बसविली असती, तर तो मासा नाव मिळण्याआधीच संपला असता.

महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे म्हणून मोठमोठे मासे राखले आहेत. त्यांना कोणी गळ टाकीत नाही. भीमाशंकरच्या ज्योतिर्लिंगाभोवतीचे रान १९८५ साली अभयारण्य झाले, ते मुख्यतः आपल्या राज्यप्राण्यासाठी, म्हणजे शेकरूसाठी. देवाच्या सावलीत रान टिकले आणि रानाच्या सावलीत प्राणी टिकला, ही गोष्ट सह्याद्रीत ठायी ठायी दिसते.

आपल्या राईत ना जायफळाची दलदल आहे, ना नवा मासा. परंतु ककणेर आहे. धनेशाच्या जातीचा हा काळापांढरा, मोठ्या पिवळट चोचीचा पक्षी सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या पंखांचा आवाज दूरवरून येतो. त्याच्या संसाराची रीत मात्र थोड्यांना ठाऊक असेल. उन्हाळ्याच्या आधी मादी एखाद्या जुन्या वृक्षाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. त्यानंतर कित्येक आठवडे ती बाहेर येत नाही. अंडी घालणे, ती उबविणे, पिले वाढविणे सारे आत. नर दिवसभर वड, उंबर, नांद्रुक ह्यांची फळे आणून त्या फटीतून तिला भरवितो. नर मेला तर आतले बिऱ्हाड उपाशी पडते. ढोली मात्र ह्या पक्ष्याला स्वतः कोरता येत नाही. तिच्यासाठी जुने, जाड बुंध्याचे, कोठेतरी आतून पोकळ झालेले झाड लागते. बेहडा, आंबा, सावर अशी म्हातारी झाडे. आपण ज्याला निकामी झाड म्हणतो, तेच ह्या पक्ष्याचे घर. एकदा सोयीची ढोली सापडली, की जोडी वर्षानुवर्षे तेथेच परत येते. हा पक्षी जी फळे खातो त्यांच्या बिया रानभर टाकतो. म्हणून तो रानाचा माळीच समजावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वरच्या दर्जाचे संरक्षण दिले आहे. परंतु कायद्याने पक्ष्याचे संरक्षण केले आणि माणसाने ढोली तोडली, तर त्या संरक्षणाचा उपयोग काय?

ऋतू बदलले आहेत

पूर्वीचे लोक रोहिणीत पेरणी, मृगात पाऊस, हस्तात शेवट असा हिशेब डोळे मिटून सांगत. आता तो हिशेब चुकू लागला आहे, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. आपल्या आंब्याचा मोहोरच ते सांगतो. तरीही शास्त्राने काय मोजले ते पाहू. केंद्र सरकारच्या पृथ्वीविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासकांनी २०१७ साली दाखविले, की १९५० पासून मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या आहेत. अरबी समुद्र तापत आहे आणि वाऱ्यांबरोबर बाष्पाचे लोट एकदम येत आहेत. पाऊस वर्षाकाठी तेवढाच पडला, तरी तो पूर्वीसारखा रिपरिप न पडता दोन दिवसांत कोसळतो आणि मग आठवडाभर ऊन पडते.

कोकणाने ह्याचे चटके सोसले आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तसाच प्रसंग ओढवला. त्या दिवंगतांना आपण सर्वजण श्रद्धांजली वाहू या.

राई असती तर प्रत्येक दरड थांबली असती, असे मी म्हणणार नाही. दरडीला कारणे अनेक असतात. परंतु राईचे काम कसे चालते ते आपल्या डोळ्यांपुढे आहे. उघड्या डोंगरावर पावसाचा थेंब थेट मातीवर आपटतो, माती सुटते आणि पाणी गढूळ होऊन पऱ्यातून धावत खाडीला जाते. राईत तोच थेंब आधी उंच झाडाच्या पानावर, मग झुडपावर, मग पाचोळ्यावर पडतो. पाचोळ्याखालची भुसभुशीत माती त्याला पिऊन घेते. जांभ्याच्या भेगांतून ते पाणी खाली उतरते आणि चिकण थर लागला की आडवे होऊन झऱ्याच्या तोंडी येते. जूनमध्ये पडलेला पाऊस आपल्याला एप्रिलमध्ये परत मिळतो तो असा. देवीच्या कुंडाचे पाणी आटले नाही ह्याचे श्रेय आपण देवीला देतो, आणि ते योग्यच आहे. फक्त देवीने ते काम कोणाच्या हातून करविले, हे जाणून घ्यावे. पाऊस जितका लहरी होईल, तितकी ह्या साठवणीची गरज वाढणार आहे.

एक कबुली

आता ज्या अपवादाकडे लक्ष ठेवण्यास सांगितले होते, त्याकडे वळतो.

देवीचे झाड देवीच्या कामी आले तर दोष नाही, हा तो अपवाद. पूर्वी देऊळ लहान असे, खांब दोन-चार लागत, आणि साठ-सत्तर वर्षांतून एकदा दुरुस्ती निघे. त्या काळी ह्या अपवादाने राईचे काही बिघडले नाही. पुढे देवळे मोठी झाली, फरशी-ग्रॅनाइट आले, खर्च लाखांवर गेला, आणि झाडे तोडून विकावी व पैसे जीर्णोद्धाराला लावावे अशी प्रथा पुष्कळ गावांत पडली. कुऱ्हाडीच्या धाकाने जे झाले नाही ते भक्तीच्या नावाने झाले. ज्या कामांत सह्याद्रीतल्या राया खचल्या त्यांत रस्ते आहेत, शेती आहे, कोळसा आहे. आणि हे सांगताना मला वाईट वाटते, की त्यांत जीर्णोद्धारही आहेत.

आपलाही त्यात वाटा आहे. राईच्या तोंडाशी, रस्त्याच्या वळणावर एक बेहडा होता. किती जुना ते सांगता येणार नाही. माझ्या आजोबांनी तो असाच पाहिला होता. बांधकामाचे सामान आणणारे ट्रक त्या वळणावर वळत नव्हते. समितीच्या बैठकीत विषय निघाला, तेव्हा गुरवांच्या घरातील एक वृद्ध माउली दारातूनच म्हणाली, "त्यात पाखराची ढोली आहे, तेवढी नजर ठेवा." त्यावर मीच उत्तर दिले, की आजी, देवीचे झाड देवीच्याच कामी येत आहे. सगळ्यांना ते पटले. मास्तर म्हणतात म्हणजे बरोबरच असणार! कागद रीतसर झाले आणि पौषात झाड पडले. लाकडाचे पैसे निधीत जमा झाले. ते जमाखर्चात दाखविलेले आहेत.

फाल्गुनात, शिमग्याच्या आधी, ककणेरांची जोडी आली. जेथे ढोली होती त्या उंचीवर हवेत ती दोन-तीन घिरट्या घालून शेजारच्या किंजळावर बसे आणि पुन्हा उठे. नराच्या चोचीत उंबर होते. तीन दिवस मी ते पाहिले. चौथ्या दिवशी ती आली नाहीत. शाळेत मी मुलांना चाळीस वर्षे निबंध लिहावयास दिला, 'झाडे आपले मित्र'. त्या तीन दिवसांत मला त्या साऱ्या निबंधांचे गुण परत घ्यावेसे वाटले, कारण शिकविणाराच नापास झाला होता.

हे येथे लिहावे की नाही ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मंगल कार्याच्या पुस्तकात असे लिहू नये, असे काही स्नेह्यांनी सुचविलेही. परंतु इतिहास लिहावयास सांगितला आहे, आणि इतिहासात फक्त कळस लिहून चालत नाही.

आता आपले कर्तव्य

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. जत्रेला येणाऱ्या मोटारींसाठी राईचा खालचा भाग सपाट करावा, अशी सूचना आली होती. ग्रामसभेत चर्चा होऊन ती मागे पडली आणि मोटारी शाळेखालच्या माळावर लावावयाच्या ठरल्या. ह्या निर्णयासाठी तरुण मंडळींचे आणि विशेषतः महिला मंडळाचे मनापासून अभिनंदन. दुसरी गोष्ट अजून अनिर्णित आहे. कुंडाचा तळ व कडा काँक्रीट करून त्यावर फरशी बसवावी, असा प्रस्ताव कलशारोहणानंतरच्या सभेपुढे येणार आहे. एका उदार दात्याने त्यासाठी रक्कमही देऊ केली आहे. त्यांची भावना शुद्ध आहे ह्यात मला तिळमात्र शंका नाही. माझी त्यांना आणि सभेला हात जोडून विनंती आहे, की झऱ्याचे तोंड काँक्रीटने बुजवू नये. पायऱ्या जांभ्याच्या, कोरड्या रचून दुरुस्त कराव्यात. तळ आहे तसा ठेवावा. उरलेल्या रकमेतून राईसाठी रोपवाटिका काढावी. दात्यांचे नाव फरशीवर कोरले तर ते पायाखाली येईल. राईत दिले तर डोक्यावर सावली धरील.

काय काय करता येईल, तेही थोडक्यात सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावातील झाडे, पाखरे, औषधी, बियाणी ह्यांची लोक नोंदवही करावयाची असते. ह्या नोंदवहीत आपल्या राईची नोंद नीट, जाणत्या माणसांना विचारून व्हावी. शाळेतील मुले ते काम आनंदाने करतील. राईच्या रिकाम्या जागी बेहडा, उंबर, नांद्रुक, जांभूळ, सातवीण, किंजळ, ताम्हण अशी येथलीच झाडे लावावीत. विलायती बाभूळ किंवा सुबाभूळ लवकर वाढते म्हणून आणू नये. वाळलेले, पोकळ झाड वाटेवर पडण्याचा धोका नसेल तर उभे राहू द्यावे. माघापासून वैशाखापर्यंत राईच्या बाजूला प्रखर दिवे आणि कर्णे लावू नयेत. शिमग्याचे ढोल देवीपुढे सहाणेवर वाजू द्यावेत, ते पाखरांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. उन्हाळ्याच्या तोंडी राईभोवती जाळरेषा काढावी, म्हणजे माळावरचा वणवा आत शिरणार नाही.

आणि एक मागणे विशेष. 'देवीचे झाड देवीच्या कामी' हा जुना अपवाद आता गावाने ठराव करून बंद करावा. देवीला कौल लावून, तिची क्षमा मागून तो बंद करावा, म्हणजे पुढच्या पिढीतल्या एखाद्या मास्तराला माझ्यासारखे उत्तर देता येणार नाही.

मुंबई, पुणे, सुरत आणि परदेशी असलेल्या आपल्या चाकरमान्यांनी, माहेरवाशिणींनी आणि गावातल्या हातावर पोट असलेल्या माणसांनीसुद्धा ह्या जीर्णोद्धाराला जे दिले, त्याला तोड नाही. देणगीदारांची यादी ह्याच स्मरणिकेत पुढे छापली आहे. त्या यादीत एक नाव राहिले आहे. आधीच्या साऱ्या देवळांचे खांब ज्याने दिले, कुंडाचे पाणी ज्याने राखले आणि ह्या वेळी ज्याने एक जुना बेहडा दिला, त्या राईचे. तिची पावती फाडता येत नाही, पण तिचे देणे फेडता येते. बेहड्याच्या जागी मी गेल्या पावसाळ्यात त्याच्याच बियांची तीन रोपे लावली आहेत. दोन जगली आहेत. त्यांना ढोली धरण्याइतके वय यावयास माझ्या नातवाची नातवंडे उजाडतील. तोवर त्यांना कोणी कुऱ्हाड लावू नये, एवढे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

देवी सर्वांना सुबुद्धी देवो, वेळेवर पाऊस देवो आणि आपल्या राईत ककणेरांची जोडी पुन्हा नांदती करो, हीच श्री वाघजाईचरणी प्रार्थना.

आपला नम्र,
गावचा एक निवृत्त शिक्षक